पांढरी तेवढी आम्हाला

बसा, चहा येईपर्यंत सांगतो. पण आधी कबूल करा, हसायचं नाही. कारण या गोष्टीत माणसं मरता मरता वाचलेली आहेत, आणि त्या माणसांत आम्ही तिघंही होतो.

तुम्हाला ठाऊक आहे, मी लेस्टरला फार्मासिस्ट आहे. बेलग्रेव्ह रोडपासून दोन गल्ल्या सोडून माझं केमिस्टचं दुकान. इतक्या वर्षांत माझ्या हातून चुकीची गोळी गेलेली नाही. डॉक्टरांचं अक्षर कसंही असो, पेशंट स्वतःचं नाव विसरलेला असो, गोळी बरोबर जाते. मिरवण्यासारखं दुसरं काहीच नाही हो माझ्याकडे. केस गेले, क्रिकेट जमलं नाही, मुलगी ऐकत नाही. पण गोळी चुकत नाही. ही एवढीच माझी इस्टेट, आणि ती मी फ्रान्समध्ये एका रविवारी सकाळी, हसत हसत, पणाला लावली.

मोटरहोमची कल्पना माझीच. ऑक्टोबरची हाफ-टर्म होती, मुलीच्या शाळेला सुट्टी. शुभाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, हॉटेल हवं होतं.

"अहो, सुट्टीत पण मीच स्वयंपाक करायचा? मग घरीच करते की! निदान ओटा तरी मोठा आहे."

"अगं, पण घरच बरोबर घेऊन फिरायचं. केवढी मजा!"

"घर बरोबर घेऊन फिरायचं म्हणजे भांडी बरोबर घेऊन फिरायची," ती म्हणाली.

तिचं म्हणणं खरं ठरायला फार वेळ लागला नाही. फेरीतून सांतांदेरला उतरलो आणि स्पेनच्या पहिल्याच राउंडअबाउटला मी सवयीनं डावीकडून निघालो. कपाटाचं दार उघडलं, सगळे डबे खाली आले, आणि समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरनं दोन्ही हात आकाशाकडे नेले. पुढे एका खेड्यात सॅटनॅव्हनं आम्हाला अशा गल्लीत घातलं, की एका आजीबाईंनी आपल्या खिडकीतून वाकून आमच्या छतावर पडलेला त्यांचा टॉवेल उचलून घेतला. त्या ओरडल्या वगैरे नाहीत. टॉवेल घेतला, झटकला, खिडकी लावली. त्यांच्याकडे बहुतेक रोजच कोणीतरी अडकत असावं.

ईशाला यातलं काहीच माहीत नाही. आमची कन्या. पंधरा वर्षांची, जन्म लेस्टरचा. ड्रायव्हरच्या डोक्यावर जो बंक असतो ना, त्यात कानात गाणी घालून ती सबंध स्पेन झोपून गेली. दुपारी बाराच्या आत उठवणं हा तिच्या मते मानवी हक्कांचा भंग आहे. तिला बरोबर घेण्यात माझा एक स्वार्थ होता. तिला जीसीएसईला, म्हणजे तिकडच्या दहावीला, फ्रेंच होतं. मीही संध्याकाळच्या क्लासला जाऊन 'बाँजूर', 'मेर्सी' आणि 'त्रे बाँ' एवढी तयारी केली होती. म्हणजे नमस्कार, आभार आणि फार छान. मला वाटायचं, सभ्य माणसाला याहून जास्त बोलायची गरज कुठे पडते?

तर शनिवारी आम्ही फ्रान्समध्ये दोर्दोन्य भागात पोचलो. ओक आणि चेस्टनटचं जंगल, पिवळी पानं, मधोमध कॅम्पसाइट. सीझन संपलेला. पाच-सहा मोटरहोम तेवढी उभी, आणि त्यांत शहरातून आलेली रिटायर्ड फ्रेंच जोडपी. आमच्या शेजारी बर्नार आणि ओदेत. दोघंही सत्तरीची, हसतमुख.

संध्याकाळी पाहतो तर बर्नार छातीवर हात ठेवून खुर्चीत वाकलेला. माझ्यातला फार्मासिस्ट धावला. खुणांनी चौकशी केली. बदकाचं मटण, त्यावर चीज, त्यावर वाइन. अ‍ॅसिडिटी! मी आमच्या औषधांच्या डब्यातून गोळी दिली. बाकी कुठली औषधं चालू आहेत का, तेही विचारून घेतलं. वीस मिनिटांत बर्नारनं एक ढेकर दिला आणि ओदेतनं माझे दोन्ही हात धरले.

मी नम्रपणे छातीला बोट लावून म्हटलं, "मुआ, फार्मासियाँ."

त्या दोघांचे चेहरे बघायला हवे होते तुम्ही! डोळे मोठे झाले. ओदेत "फार्मासियाँ!" असं म्हणाली आणि चक्क धावत पलीकडच्या मोटरहोमकडे गेली. मग त्याच्या पलीकडच्या. मी शुभाला म्हटलं, "बघ. आपल्या धंद्याला इथे केवढा मान आहे. लेस्टरमध्ये मला लोक विचारतात, डायपर कुठल्या रॅकवर आहेत."

रात्री पाऊस झाला. रविवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन बाहेर पायरीवर बसलो होतो. ईशा अर्थातच झोपलेली. तर जंगलातून बर्नार आणि ओदेत आले. पायांत गमबूट, हातात वेताची टोपली. सरळ माझ्यासमोर आले आणि टोपली पुढे धरली.

टोपलीत अळंबी!

आता मला सांगा, तुम्ही काय समजला असतात? माझ्या दुकानात काय चालतं ते तुम्ही पाहिलंय. शांताबेन अ‍ॅलॉटमेंटवरची, म्हणजे भाड्याच्या वाफ्यातली, मेथी आणून देतात. ब्लड प्रेशरवाले पटेलकाका दुधी घेऊन येतात, तोही धरायला दोन माणसं लागतील एवढा. गुण आला की माणूस काहीतरी घेऊन येतो, आपण संकोचून घ्यायचं. मी संकोचलो.

"नो, नो," म्हटलं. त्यांनी टोपली आणखी पुढे केली. चेहरे अगदी गंभीर. म्हटलं, आता नाही म्हणणं बरं दिसणार नाही. पण सगळं कसं घ्यायचं? आपल्याकडे रीत आहे, कुणी भरलं ताट दिलं तर थोडं घ्यावं, थोडं त्यांच्यासाठी ठेवावं. म्हणून मी डबा आणला आणि निवडायला बसलो.

टोपलीत दोन प्रकार होते. एक जाडी, तपकिरी, पावासारखी फुगलेली. दिसायला अगदीच ओबडधोबड. आणि दुसरी… काय सांगू तुम्हाला! पांढरीशुभ्र, सडपातळ, लांब दांड्याची. हुबेहूब आमच्या गावची अळंबी! आमचं गाव सावंतवाडीजवळ. श्रावणात रानात वारुळाशेजारी अशीच उगवायची. आई खोबरं आणि मालवणी मसाला घालून रस्सा करायची. मुशाफिरीत पंचवीस वर्षं गेली, सुपरमार्केटातली बटण मशरूम खाऊन जीभ मेली, आणि इथे परक्या मुलखात गावची अळंबी! मला भरून आलं हो. खोटं कशाला सांगू, डोळे ओले झाले.

मी एकेक करून पांढरी तेवढी डब्यात घेतली. तपकिरी सगळी त्यांना ठेवली. दोघं श्वास रोखून पाहत होते. माझे ओले डोळे पाहून ओदेतनं छातीवर क्रॉस केला.

मग तिनं एक तपकिरी उचलून विचारलं, "बाँ?"

म्हणजे चांगलं आहे का. आपण नाही का आंबे पाठवले की विचारत, 'बरे निघाले ना?' मी हसून म्हटलं, "बाँ, बाँ! त्रे बाँ!"

आणि रिकामं भांडं परत करायचं नाही ही दुसरी रीत. टोपली अगदी रिकामी नव्हती, तरी बरं दिसत नाही. शुभानं प्रवासासाठी पातळ पोह्यांचा चिवडा केला होता. एका कागदात भरपूर चिवडा बांधला आणि टोपलीत ठेवला. बर्नारनं ती पुडी दोन्ही हातांनी घेतली.

अर्ध्या तासात दुसरी टोपली आली. मग तिसरी. मग तर रांगच लागली! गमबूट घातलेले आजी-आजोबा, हातात टोपल्या, कोणी बोलत नाही, कोणी घुसत नाही. एका आजोबांनी जवळ आल्यावर टोपी काढली. मी प्रत्येकाच्या टोपलीतून पांढरी तेवढी घेत होतो, तपकिरी आणि पिवळी त्यांना ठेवत होतो, 'त्रे बाँ' म्हणत होतो, चिवडा देत होतो. काहींच्या टोपलीत पांढरी नव्हतीच. त्यांना नुसताच चिवडा. ती मंडळी जास्तच खूष होऊन जात होती. मला वाटलं, काय मोठ्या मनाची माणसं! मी त्यांच्याकडून काही घेतलं नाही तरी आनंद!

शुभा आतून डोकावली. "अहो, चिवडा संपला. आणि हे एवढं काय घेऊन बसलाय?"

"अळंबी! गावची!"

"तुमचं गाव इथून किती लांब आहे?"

"अगं, मी कोकणातला माणूस. अळंबी मला तू शिकवणार? तू पुण्याची."

"मी पुण्याचीच आहे, म्हणून सांगते. मी हात लावणार नाही. तुम्हीच चिरा, तुम्हीच करा, आणि आधी तुम्हीच खा."

मी म्हटलं ठीक. कांदा परतला, डेसिकेटेड खोबरं भाजलं, डब्यातला मसाला घातला. अळंबी चिरली. कढईत घातल्यावर असा घमघमाट सुटला की काय विचारता! बाहेरही सगळीकडे तव्यांवर लोणी-लसूण चरचरत होतं. बारा वाजत आले होते. सबंध कॅम्पसाइट जेवायला बसायच्या बेतात. शुभा रागावली होती खरी, पण वास तिलाही आला. तिनं तीन ताटल्या काढल्या आणि म्हणाली, "थोडीशी घेईन मी. नुसता रस्सा."

एवढ्यात ईशा उठली. पायजम्यातच टूथब्रश घेऊन बाथरूम ब्लॉककडे गेली. पाच मिनिटांत परत आली, ब्रश तसाच तोंडात.

"बाबा, सगळे लोक मला थँक्यू का म्हणतात?"

"संस्कार असतात एकेकाचे," मी रस्सा हलवत म्हटलं.

"आणि तो शेजारची बाई विचारते, ते पिवळा औषध जेवणाच्या आधी घ्यायचा की नंतर?"

"कुठलं पिवळं औषध?"

"ते पोहे असतात त्याच्यात. आणि शेंगदाणे."

रस्सा हलवणारा माझा डाव थांबला. "चिवडा? चिवड्याला औषध कोण म्हणतं?"

"बाबा," ईशानं ब्रश बाहेर काढला. "तू त्यांचे मशरूम्स चेक केलास ना? फ्रान्समध्ये फार्मासिस्टच करतो ते. आमच्या फ्रेंचच्या टीचरनी सांगितलेला. लोक जंगलातून आणतात आणि फार्मसीत दाखवतात, कुठला पॉयझनस आहे ते. त्यांना कॉलेजमध्ये शिकवतात. आज संडे आहे, गावातली फार्मसी बंद आहे, पण लकीली तू होतास. असं ती म्हणाली."

माझ्या कॉलेजात बुरशीवर एकच धडा होता, आणि तो पेनिसिलिनचा.

"मग ती व्हाइट वाली तू काढून घेतलास ना," ईशा पुढे म्हणाली, "ती पॉयझनस होती ना? सगळे म्हणतात किती केअरफुल आहे, एक पण नाही सोडला. कुठे टाकलास?"

मी कढईकडे पाहिलं. शुभानंही पाहिलं. मग तिनं गॅस बंद केला. तिच्या हातातल्या ताटलीत रस्सा वाढलेला होता. ती तिनं फार हळू, दोन्ही हातांनी, खाली ठेवली.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचं सोडा! मी ज्यांना 'त्रे बाँ' म्हणून परत पाठवलं होतं, ते सगळे आत्ता या क्षणी काटे-चमचे घेऊन बसले होते. माझ्या शब्दावर! ज्याच्या हातून कधी गोळी चुकली नाही त्या माणसाच्या शब्दावर!

मी डाव घेऊन तसाच धावलो. बर्नारच्या टेबलावर आम्लेट होतं, वर तपकिरी तुकडे, आणि काटा त्याच्या तोंडाकडे चाललेला. मी त्याची ताटलीच ओढली. त्यानं प्रेमानं ताटली माझ्याकडे सरकवली आणि ओदेतला माझ्यासाठी खुर्ची आणायला सांगितलं. त्याला वाटलं मला भूक लागलीय!

"नो! नो बाँ! नो त्रे बाँ!" मी ओरडलो. क्लासमध्ये 'थांबा, मी गाढव आहे' हे शिकवलंच नव्हतं. शेवटी मी त्याची ताटली गवतात रिकामी केली आणि डावानं बडवत कॅम्पसाइटभर फिरलो. माणसं गोळा झाली. काहींच्या गळ्यात नॅपकिन. मागून ईशा आली, पायजम्यात.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "तुझ्या बाबाला अळंबीतलं काही कळत नाही."

जी मुलगी फ्रेंचच्या ओरलला तोंड उघडत नाही अशी तिच्या टीचरची तक्रार होती, तिनं हे वाक्य एका दमात, हातवारे करून, बहुधा पदरचे दोन-तीन शब्द घालून सांगितलं.

मग टोपीवाल्या आजोबांनी काहीतरी विचारलं.

"ते विचारतात," ईशा म्हणाली, "काही कळत नाही तर मग ती पांढरी का काढून घेतलीस?"

मी मान खाली घातली. "खायला."

ईशानं सांगितलं. टोपीवाल्या आजोबांनी पुन्हा टोपी काढली, पण या वेळी जशी मयताच्या घरी काढतात तशी.

सगळ्यांचे तवे झाकले गेले. कॅम्पसाइटच्या मालकीणबाईंनी फोनाफोनी करून रविवारची ड्यूटी कुठल्या फार्मसीची आहे ते शोधलं. बरीच लांब होती. उरलेल्या अळंबीसकट सगळ्या टोपल्या आणि आमची कढई गाडीत घालून त्या निघून गेल्या. प्रश्न फक्त बर्नारचा होता. त्यानं दोन घास खाल्ले होते, आणि डॉक्टरकडे जायला तो हसून नाही म्हणत होता. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि शेजारी बसून नाडी बघत राहिलो. अहो, अळंबी ओळखता येत नसली तरी तिचं विष लिव्हरचं काय करतं ते मला पाठ होतं! सुरुवातीला माणूस ठणठणीत दिसतो, हेही पाठ होतं. आणि बर्नार ठणठणीत दिसत होता! तो जितका हसत होता तितकी मी त्याची नाडी पुन्हा पुन्हा मोजत होतो. मनात म्हटलं, देवा, दुकान घे, लायसन्स घे, पण या म्हाताऱ्याला सोड. ओदेत त्याचा दुसरा हात धरून बसली होती. ती माझ्याकडे रागानं बघत नव्हती, हेच मला सहन होत नव्हतं.

इकडे शुभानं आमच्याकडचे सगळे तांदूळ आणि मुगाची डाळ काढून त्या सगळ्यांसाठी खिचडी टाकली. पातेलं मालकीणबाईंचं. वाढताना ती प्रत्येकाला सांगत होती, "मी केलीय. यांनी नाही." कोणाला मराठी येत नव्हतं, पण समजलं सगळ्यांना.

गाडी परत आली तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. मालकीणबाई उतरल्या. त्या बोलत होत्या आणि ईशा सांगत होती.

"टोपल्यांमधले सगळे चांगले आहेत. एकदम बेस्ट क्वालिटी. एक पण खराब नाही."

मी मटकन पायरीवर बसलो. ओदेतनं बर्नारचा मुका घेतला, मग माझा, मग चुकून टोपीवाल्या आजोबांचा.

"आणि कढईतला?" शुभानं विचारलं.

"तो युरोपमधला सगळ्यात पॉयझनस आहे," ईशा म्हणाली. "फार्मासिस्टनी कढई पण ठेवून घेतली. म्हणाला, आपली फॅमिली संपून वर उरला असता. आणि आई, त्यानं विचारलं, कोणी निवडले. कारण सगळ्या टोपल्यांमध्ये एकही मिस्टेक नाही. तो म्हणाला, इंग्लंडमध्ये इतका चांगला शिकवतात हे त्याला माहीत नव्हता."

शुभानं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणणार होती, पण ती एकदम माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग रडता रडता हसायला लागली, आणि पार कॅलेपर्यंत अधूनमधून हसतच होती. 

सोमवारी सकाळी लवकर निघायचं ठरवलं. कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. इंजिन चालू करण्याआधी बाहेर आलो आणि पाहतो तर मोटरहोमसमोर रांग! गमबूट, टोपल्या, सगळ्यांत पुढे बर्नार. रात्री पुन्हा पाऊस झालेला.

ईशाला बंकमधून ओढून काढलं. "सांग यांना! काल सांगितलं ना, मला काही कळत नाही म्हणून! परत सांग!"

तिनं डोळे चोळत सांगितलं. बर्नारनं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि टोपली माझ्या पुढ्यात धरली. मागच्या सगळ्यांनीही माना डोलावल्या. मग तो अगदी आदरानं काहीतरी म्हणाला.

ईशा माझ्याकडे वळली. "बाबा, ते म्हणतात, ते त्यांना माहीत आहे. तुला काही कळायची गरजच नाही. तू फक्त दाखव, ह्यातला कुठला तुला खावासा वाटतो. तेवढे ते फेकून देतील."

मी वाकलो आणि दाखवली.